प्रदर्शनातला माग, एक मुलगा आणि रविवारची शांत वेळ

कापड विणायच्या मागांच्या एका प्रदर्शनात एका ऑटिस्टिक मुलाला आवाजाचा त्रास झाला आणि मग आम्ही शांत वेळ ठेवली, ते हे प्रकरण सोलापुरात घडलेलं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून कुणाचं नाव, जागा किंवा संस्था दिलेली नाही आणि एकदोन बारीक तपशील बदललेत. मी त्या प्रदर्शनात स्वयंसेवकांचं बघत होते, त्यामुळे जे लिहितेय ते समोर बघितलेलं आहे.

पार्श्वभूमी

सोलापुरात, निदान पूर्व भागात तरी, मागाचा आवाज माहीत नाही असं घर सापडायचं नाही. अशोक चौक, कन्ना चौक, साखर पेठ, कुठूनही सकाळी चालत जा, कुठल्यातरी कारखान्यातून खटखट ऐकू येतेच. पण आता नवीन माग आले, जुने भंगारात गेले, आणि चादर-टॉवेलवर वाढलेल्या पोरांनी माग जवळून बघितलेलाच नसतो. म्हणून गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) उरकल्यावर फेब्रुवारीत १० दिवसांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. खड्ड्यात पाय सोडून चालवायचा खड्डा माग, शटलचा जुना पॉवरलूम म्हणजे विजेवरचा माग, नक्षी विणायच्या जकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे, जुन्या गिरण्यांचे फोटो, जीआय, म्हणजे त्या गावच्या मालाचा सरकारी शिक्का, मिळालेल्या सोलापुरी चादरीचे वेगवेगळ्या काळातले नमुने, आणि एका कोपऱ्यात १९३० च्या मार्शल लॉची माहिती, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या तसबिरी.

जागा म्हणजे पत्र्याचं जुनं शेड. भाडं परवडलं म्हणून घेतलं. तिकीट २० रुपये.

सगळ्यात जास्त गर्दी पॉवरलूमपाशी. एक निवृत्त विणकर, आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो, दर अर्ध्या तासाला माग चालू करून दाखवायचे. ज्यांनी शटलचा माग बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी शटल, एका पेटीतून सुटतो आणि समोरच्या पेटीत जाऊन आपटतो, मग तिकडून इकडे, मिनिटाला शंभराच्या वर वेळा, आणि लाकूड-लोखंडाचा तो आवाज जवळ उभं राहिलं तर ९० डेसिबलच्या पुढं जातो. आमच्या शेडला वर पत्रा असल्यामुळे तो अजून घुमायचा. लोक कानावर हात ठेवून हसायचे, व्हिडिओ काढायचे. आम्हाला वाटायचं भारी चाललंय.

दुसऱ्या दिवशी काय झालं

रविवार होता, संध्याकाळी पाचच्या आसपास. एक बाई साडेनऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलगा ऑटिस्टिक आहे हे आम्हाला नंतर कळलं. तो आल्या आल्या बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, ताणून लावलेल्या ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) सुतापाशी गेला आणि तिथंच थांबला. शेकडो धागे एकाला एक लागून, आणि तो मान वाकडी करून त्यांच्यावर पडलेला उजेड बघत होता, एका बोटानं हवेतच त्या रेषा गिरवत होता. मला आठवतंय कारण तिथं एवढा वेळ कुणीच थांबायचं नाही. दहा मिनिटं तरी तो तसाच, एकदम खूश.

आणि मामांनी माग चालू केला. कुणाला काही न सांगता, रोजच्यासारखा.

मुलगा खाली बसला, दोन्ही हात कानावर, आणि किंचाळायला लागला, मग डोकं जमिनीवर आपटायला लागला. आईनं स्वतःचा हात त्याच्या डोक्याखाली घातला. माग बंद व्हायला अर्धा मिनिट गेला असेल कारण मामांना त्या आवाजात काहीच ऐकू आलं नाही. तोपर्यंत भोवती गर्दी. एक जण मोबाईल वर करून शूट करत होता, एक आजी "दृष्ट लागली असंल बाई" म्हणाल्या, आणि एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाले की एक लावून द्या, गप बसतंय. हे शेवटचं वाक्य त्या आईनं ऐकलं. मी पण ऐकलं आणि मी त्यांना काही बोलले नाही, आमच्यातलं कुणीच बोललं नाही, याची मला अजून बोच आहे.

बाहेर नेलं तर बसायला जागा नाही, पार्किंग आणि रस्ता. रिक्षा मिळेपर्यंत त्या दोघं भिंतीला टेकून उभे. आमच्या एका पोरानं तिकिटाचे पैसे परत द्यायला हात पुढं केला तर त्या म्हणाल्या, "पैसे राहू द्या दादा. मशीन कधी चालू होणार एवढं आधी सांगितलं असतं तर आम्ही तेवढा वेळ बाहेर थांबलो असतो, त्याला आत लई आवडलं होतं."

मी त्यांचा नंबर मागितला, त्यांनी दिला.

रात्रीची मीटिंग आणि समोरचे पर्याय

शेड बंद झाल्यावर आम्ही नऊ जण बसलो. पहिलं मत असं की अशी वेळ दहा दिवसात एखाद्यावर येणार, दारावर "आत मोठा आवाज होतो" असा बोर्ड लावू आणि विषय संपवू. दुसरं टोक म्हणजे माग बंदच ठेवायचा, नुसता बघायला. त्यावर मामा तापले, माग बंद म्हणजे प्रदर्शन मेलं, मग माझं इथं काय काम, आणि त्यांचं चुकीचं नव्हतं. कुणीतरी म्हणालं आवाज बंद करणारे हेडफोन विकत घेऊन ठेवू. मला ते पटलं होतं पण एका डॉक्टर मैत्रिणीला फोन लावला तर ती म्हणाली कितीतरी मुलांना डोक्यावर काही घातलेलंच सहन होत नाही, ठेवा पण त्यावर भिस्त ठेवू नका.

मग शांत वेळेचा पर्याय आला. काही मॉलमध्ये, म्युझियममध्ये असं करतात, ठरलेल्या तासात गाणी बंद, लाईट कमी, गर्दी मोजकी.

इथं अर्धा तास कायद्यावर गेला, करणं बंधनकारक आहे का म्हणून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व मोजलंय, त्यात ऑटिझम आहे, आणि कलम २९ सांस्कृतिक जीवन आणि करमणुकीबद्दलच आहे, पण ते सरकार आणि स्थानिक संस्थांनी काय करावं असं सांगतं, पत्र्याच्या शेडात किती वाजता माग बंद ठेवावा हे त्यात कुठं असणार. माझं मत तेव्हाही हेच होतं की तो अर्धा तास त्या आईला फोन करण्यात घालवायला पाहिजे होता. शेवटी ठरलं दोन गोष्टी करायच्या. रोज माग किती वाजता चालणार याचा मोठा बोर्ड लगेच उद्यापासून लावायचा, आणि एक दिवस शांत वेळ ठेवायची.

कधी ठेवायची हे पण आम्हीच ठरवून टाकलं, बुधवारी दुपारी दोन ते चार, कारण तेव्हा शेड रिकामंच असतं.

तो एक फोन

सोमवारी सकाळी फोन केला. आधी माफी मागितली, मग बुधवार सांगितला. त्या एक क्षण गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, बुधवारी दुपारी कोण येणार ओ?" मग एकेक सांगत गेल्या. मुलाची शाळा. फेब्रुवारीतच दुपारी ऊन चटके देतं, रिक्षात बसून येईपर्यंतच पोरगं चिडतं. नवरा कामावर, म्हणजे एकटीनं आणायचं, आणि एकटीला तो आवरत नाही, आता मोठा झालाय. आमची रिकामी वेळ होती ती त्यांची सगळ्यात अवघड वेळ होती.

त्यांनीच रविवार सकाळ सांगितली, साडेआठ ते साडेदहा, लोकांसाठी शेड अकराला उघडायच्या आत. यासाठी वॉचमन आणि इलेक्ट्रिशियनला लवकर बोलवायचं, जास्तीचे पैसे द्यायचे. खजिनदारांनी कुरकुर केली पण दिले.

दुसरी गोष्ट नावाची. आम्ही पोस्टर बनवलं होतं, "दिव्यांग मुलांसाठी विशेष वेळ". त्या म्हणाल्या त्यांच्या ओळखीतल्या दोन घरांनी अजून दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेटच काढलेलं नाही, एका घरी तर सासू-सासऱ्यांना मान्यच नाही की नातवाला काही आहे, ते या पोस्टरवर यायचेच नाहीत. आमच्यातल्या एकाला उलट दारावर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, बघायचं होतं, नाहीतर कुणीही फुकट घुसेल. यावर बरीच वादावादी झाली. शेवटी कार्ड बघायचं नाही, तिकीट तेच २० रुपये, आणि पोस्टर असं, "शांत वेळ. गर्दी आणि आवाज ज्यांना सोसत नाही त्या कुणासाठीही." याचा फायदा कुठून कसा झाला ते पुढं येईलच.

तिसरं, त्यांनी विचारलं की आत काय काय आहे त्याचे फोटो क्रमानं पाठवता का, मी आठवडाभर त्याला दाखवत राहीन. आम्ही १२ फोटो काढले. गेट, पायऱ्या, चपला काढायची जागा, तिकीट देणाऱ्या ताई, ताण्याचं सूत, माग, संडास, बाहेर जायचं दार. प्रत्येकाखाली एक ओळ. "इथं चपला काढायच्या." "हा माग आहे. आज तो बंद आहे." व्हॉट्सॲपवर टाकले आणि त्यांनी पालकांच्या ग्रुपमध्ये फिरवले. मराठीसोबत तेलुगू आणि कन्नडमध्ये आवाज रेकॉर्ड करून पण पाठवला, कारण आपल्याकडं घरात एक भाषा आणि शाळेत एक हे नेहमीचंच.

आवाज शोधत फिरणं

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघी रिकाम्या शेडात नुसत्या उभ्या राहिलो, माग बंद करून. आम्हाला वाटलं होतं माग बंद झाला की झालं. पाच मिनिटं गप्प उभं राहिल्यावर एकेक कळायला लागलं. मोठा पंखा घरघरत होता. फोटोंच्या भिंतीवरची एक ट्यूब फडफडत होती, चोक गेलेला, आठ दिवसात आमच्या कुणाच्या लक्षात नव्हतं आलं. हुतात्म्यांच्या कोपऱ्यात देशभक्तीची गाणी स्पीकरवर. संडासात इतकं फिनेल ओतलेलं की वास दारापर्यंत. आणि तिकिटाच्या टेबलावरचा तो पेमेंटचा डबा, कुणी स्कॅन केलं की खणखणीत आवाजात वीस रुपये मिळाले म्हणून ओरडणारा. तो तर दारातच, पहिल्या पावलाला! तो बंद केला, ट्यूब बदलली, गाणी बंद, पंखा फक्त लांबचा एक.

व्हीलचेअरसाठी समोरच्या तीन पायऱ्यांवर रॅम्प करायचा होता. सुताराकडून सहा फुटी प्लायवूडची फळी आणली, खाली पट्ट्या मारल्या, आणि ती उतरंड बघून मला खरंतर तेव्हाच शंका आली होती. नियम साधा आहे, एक इंच चढायला बारा इंच लांबी. तीन पायऱ्या मिळून १८ इंच, म्हणजे १८ फूट रॅम्प पाहिजे. आमचा सहा. म्हणजे एकास चार. पण समोर जागाच तेवढी होती म्हणून चालवून घेतलं, चार पोरं उभी करू, ढकलतील असं म्हणालो.

रविवार सकाळ

अकरा कुटुंबं आली, आणि शिवाय काही मोठी माणसं.

तो मुलगा साडेआठलाच आला, या वेळी वडील पण होते. गेटपाशी वीस मिनिटं थांबला. हातात मोबाईल, त्यावर आमचे फोटो, एकदा फोटो बघायचा एकदा गेट बघायचा. कुणी चल चल केलं नाही. मग स्वतःच आत गेला, थेट ताण्यापाशी. मामा तिथंच स्टुलावर बसले होते. त्यांनी काही न बोलता एक जुना धोटा त्याच्यासमोर टेबलावर ठेवला आणि हात मागं घेतला. वापरून वापरून गुळगुळीत झालेलं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, मध्ये सुताची कांडी बसवायची खाच. मुलानं तो उचलला, गालाला लावला, मग खाचेत बोट घालून कितीतरी वेळ पुढं मागं. नंतर मामांनी बंद मागाचं चाक हातानं फिरवलं, एकदम हळू, आडवा धागा ठोकणारी फणी पुढं आली मागं गेली, आणि धोटा स्वतःच्या हातानं या पेटीतून त्या पेटीत सरकवला. आवाज फक्त लाकूड घासल्याचा. मी आठ दिवस तो माग बघत होते पण कापड कसं होतं ते मला त्या दिवशी नीट दिसलं.

आता जे बिनसलं ते. आमच्या एका स्वयंसेविकेनं प्रेमानं एका मुलीचा गाल ओढला आणि हातात चॉकलेट कोंबलं, मुलगी बिथरली आणि तिचे आईबाबा अर्ध्यातच निघून गेले. चूक त्या स्वयंसेविकेची नाही. हात लावू नका, नजरेला नजर द्यायला लावू नका, विचारल्याशिवाय मदत करू नका, या तीन गोष्टी आम्ही कुणालाच सांगितल्या नव्हत्या. बसायला म्हणून मागची खोली ठरवली होती, चटई-उशी आणून ठेवलेली, पण तिची किल्ली ज्यांच्याकडं होती ते सव्वादहाला आले. आणि पावणेदहाला सात-आठ तरुण पोरं रील काढायला आली, लाईट लावून. त्यांना नाही म्हणायचं कुणी आणि कसं हे ठरलं नव्हतं, शेवटी त्या मुलाच्या वडिलांनीच जाऊन समजावलं. पोरं लगेच सॉरी म्हणून बाहेर थांबली, पण ते काम त्या वडिलांचं नव्हतं.

रॅम्पचं तर विचारूच नका. एका मुलीची व्हीलचेअर चार जणांनी ढकलून वर नेली, पण मध्यात ती मागं झुकली आणि मुलगी घाबरून ओरडली. तिचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. उतरताना त्यांनी साफ नाही म्हटलं आणि विचारलं, "एवढा जड माग आत आणला कुठनं?" मागच्या दारानं आणला होता, माल उतरवायच्या बाजूनं. तिथं एकच पायरी, चार इंचाची. म्हणजे चार फुटांची फळी पुरली असती. मागचं दार आम्ही रोज बघत होतो, तिथून खुर्च्या आणत होतो, आणि पाहुण्यांना तिथून आणायचं आमच्या डोक्यात आलं नाही. एक गोष्ट मात्र मला महत्त्वाची वाटते, मागच्या दारानं आणायचं तर तिथला कचरा काढून, पाटी लावून, तिकीट तिथंच देऊन आणायचं, गोदामातनं नेल्यासारखं नाही.

दोन गरजा आमनेसामने आल्या तेव्हा

दहाच्या सुमाराला एक कर्णबधिर मुलगी मागापाशी येऊन खुणेनं विचारायला लागली, चालू करा. तिला आवाजाचा त्रास नव्हताच, तिला तो हलताना बघायचा होता, लोखंडाला हात लावून थरथर घ्यायची होती. आणि फोटोखाली तर आम्ही लिहून दिलेलं, आज माग बंद आहे. शब्द मोडायचा का? आलेल्या सगळ्या आईबाबांना विचारलं. ठरलं की सव्वादहाला पाच मिनिटं चालू करायचा, त्याआधी दोन वेळा प्रत्येकाला जवळ जाऊन सांगायचं, आणि ज्यांना नको ते बाहेर लिंबाच्या झाडाखाली. तो मुलगा बाहेर गेला. आत त्या मुलीनं मागाच्या चौकटीवर दोन्ही तळवे ठेवले आणि तिचा चेहरा असा उजळला की मामांनी पाचाची सात मिनिटं केली. ती जास्तीची दोन मिनिटं व्हायला नको होती, बाहेर सांगितलेली वेळ पाच होती.

जे आम्ही धरलंच नव्हतं

तेलुगूतला तो आवाजाचा मेसेज पूर्व भागात कुठं कुठं फिरला माहीत नाही, पण पाच-सहा म्हातारे विणकर आले. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं मागावर काढलेली, त्यामुळे कान गेलेले. मागावर काम केलेल्यांचं हे जुनंच दुखणं, हळूहळू ऐकू येणं कमी होतं आणि गर्दीत तर एक शब्द लागत नाही. एकाच्या कानात मशीन होतं. ते म्हणाले या मशीनमध्ये सगळेच आवाज मोठे होतात म्हणून मी समारंभाला जायचंच सोडलं, आज तुमच्या पोरीनं सांगितलेलं सगळं कळलं. नंतर तेच जकार्डपाशी उभं राहून बाकीच्यांना पुठ्ठ्याचं कुठलं भोक कुठला धागा उचलतं ते सांगत बसले, अर्धं तेलुगू अर्धं मराठी, आणि मध्येच मग्गम, मग्गम (तेलुगूत माग) म्हणत मागावर थाप मारायचे. पोस्टरवर "दिव्यांग मुलांसाठी" राहिलं असतं तर यातलं एकही माणूस आलं नसतं.

परत करायचं तर

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची गोष्ट तो वेळांचा बोर्ड ठरला. पांढरा पुठ्ठा आणि मार्कर. "माग चालू: ११.३०, १२.३०..." आणि चालू करायच्या आधी मामा हात वर करून सगळ्यांना सांगायचे. लहान बाळं घेऊन आलेल्या बाया, मायग्रेनवाले, सगळ्यांनी तो वापरला, आणि रविवारी ज्यांना जमलं नाही ती दोन कुटुंबं बोर्ड बघून आधल्या-मधल्या वेळात येऊन गेली. म्हणून आता कुणी विचारलं तर मी आधी बोर्ड सांगते, मग शांत वेळ. शांत वेळ पण एकच ठेवून चालत नाही, दहा दिवसात दोन तरी पाहिजेत, एक सकाळी आणि एक संध्याकाळी, कारण ज्याला सकाळी औषध देतात आणि सुस्ती येते त्याला सकाळ नको असते. हे पण आईबाबांनीच नंतर सांगितलं.

विचारायचं ते जागा घेण्याच्या आधी. आम्ही भाडं ठरवलं, माग बसवला, पोस्टर छापलं आणि मग विचारलं, त्यामुळे दार, संडास, पत्रा यातलं काहीच बदलता आलं नाही. संडासात व्हीलचेअर जातच नव्हती, त्या मुलीला दोन तास पाणी न पाजता आणलं होतं. हे तिच्या आईनं सहज बोलता बोलता सांगितलं.

पुढच्या वर्षीसाठी दोन जागा बघायच्यात, एक होटगी रोडकडं आणि एक जुळे सोलापुरात. बघायला जाताना त्या आई आणि ते हमाली करणारे वडील दोघांनाही बरोबर घेऊन जायचं ठरलंय, दोघं हो म्हणालेत. मोजायचा टेप मी घेतलाय. आणि तो मुलगा प्रदर्शनात परत दोनदा येऊन गेला, साडेअकराचा माग सुरू व्हायच्या आधी बरोब्बर पाच मिनिटं बाहेर जायचा, लिंबाखाली थांबायचा, आवाज थांबला की आत.